वस्तूसाठी घ्या, वास्तूसाठी नको : ट्रेलिसची कोकणातली पारख

जुन्या एकाच फोटोवरून हरवलेल्या वस्तूचं चहूबाजूंनी फिरवता येणारं मॉडेल तयार करणारी एआय साधनं आता फुकट मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी डिसेंबर २०२४ मध्ये खुलं केलेलं ट्रेलिस हे त्यांपैकी वापरायला सोपं साधन. कोकणात याचं काम काय, हे वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं तेव्हा कौलं आणि वासे गेले, घरंच्या घरं बसली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या माजघरांत शिरलं, तेव्हा कपाटातले अल्बमही भिजले. महामार्ग रुंद होताना रस्त्याकडेच्या ओट्या-पडव्या गेल्या. जी घरं नुसती कुलूपबंद राहिली, ती वाळवीने खाल्ली. हातात उरलं काय, तर चार-दोन फोटो आणि ज्यांनी ते घर वापरलं त्यांची आठवण.

आमचा निवाडा आधीच सांगतो. समई, घंगाळ, जातं, तुळशीवृंदावन अशी एकसंध वस्तू असेल आणि फोटो बरा असेल, तर ट्रेलिस उत्तम कच्चा माल देतं. घर, देऊळ, बुरूज किंवा गलबत त्यात घालू नका. याचं कारण यंत्राच्या रचनेतच आहे.

फोटो आत गेला की ट्रेलिस आधी त्याची पार्श्वभूमी काढतं, वस्तूभोवती थोडी मोकळी जागा ठेवून चित्र कापतं आणि ते ५१८ × ५१८ पिक्सेलवर आणतं. तुम्ही पाच हजार पिक्सेलचं स्कॅन दिलंत तरी यंत्राला दिसतं ते एवढंच. पुढे वस्तूचा सांगाडा ६४ × ६४ × ६४ खणांच्या चौकटीत उभा राहतो. त्यावरून काढलेली जाळी, म्हणजे त्रिकोणांनी बनलेला पृष्ठभाग, याहून बारीक असते, पण सांगाड्यात जे सापडलं नाही ते जाळीत खरेपणाने येत नाही. आता हिशोब मांडा. २५ सेंटिमीटर उंचीचा दिवा असेल तर एक खण साधारण ४ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे दिव्याचा घाट नीट पकडला जातो. १२ मीटर लांबीचं घर घातलंत तर तोच एक खण जवळजवळ १९ सेंटिमीटरचा होतो. पडवीचा लाकडी खांब त्याहून बारीक. मग तो खांब एकतर भिंतीत विरघळतो, नाहीतर मधेच तुटतो. रीप, गजाची खिडकी, कौलांच्या ओळी यांचं नाव काढू नका. ते सगळं नुसतं रंगवल्यासारखं पृष्ठभागावर चिकटतं.

या हिशोबातूनच काम करायची रीत ठरते. लामणदिवा घेऊ. साखळीसह तो जवळजवळ मीटरभर लांब. अख्खा दिला तर एक खण दीड सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि साखळीची कडी त्याच्या पावभागही जाड नसते. शिवाय पार्श्वभूमी आपोआप काढणारा भाग साखळी आणि भिंत यांत गफलत करतो, अर्धी साखळी उडवतो. म्हणून साखळी फोटोतच कापून टाका. गिंप किंवा क्रिता या चित्रं सुधारायच्या फुकट साधनात दिव्याच्या कडेने हाताने मास्क आखा, म्हणजे दिवा सोडून बाकीचं झाका, आणि पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी करून तो द्या. पारदर्शक थर आधीच असेल तर ट्रेलिस स्वतःची कात्री चालवत नाही, तुमचा मास्क मानतं. या एका गोष्टीने निकालात जितका फरक पडतो तितका बाकी कुठल्याच सेटिंगने पडत नाही. साखळी नंतर ब्लेंडर या फुकट त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये करायची: एक कडी बनवा, ॲरे मॉडिफायर लावा, ऑब्जेक्ट ऑफसेटला एक एम्प्टी (न दिसणारा टेकू) जोडून तो ९० अंशांत फिरवा, म्हणजे कड्या एकाआड एक आडव्या-उभ्या बसतात.

हगिंग फेस या एआय साधनांच्या संकेतस्थळावर ट्रेलिसचं खुलं पान आहे. तिथे पहिल्या टप्प्याचा गायडन्स (फोटोला किती धरून राहायचं तो आकडा) ७.५ आणि पायऱ्या १२, दुसऱ्या टप्प्याचा गायडन्स ३ आणि पायऱ्या १२ असे आकडे भरलेले येतात. ते तसेच राहू द्या. बदलायच्या गोष्टी तीन. यादृच्छिक सीडसमोरची टिक काढून टाका आणि सीडचा, म्हणजे यंत्र ज्यावरून सुरुवात करतं तो, आकडा वहीत लिहा, नाहीतर तेच मॉडेल पुन्हा काढता येणार नाही. जीएलबी, म्हणजे तयार मॉडेलची फाइल, काढताना सिम्प्लिफाय ०.९५ असतं, म्हणजे शंभरातले ९५ त्रिकोण टाकून दिले जातात. नक्षी असेल तर ते ०.९० वर आणा, दुप्पट त्रिकोण हाती लागतात. टेक्सचर (पृष्ठभागावरचं रंगचित्र) १०२४ चं २०४८ करा.

आणि एकदा चालवून थांबू नका. एकच फोटो पाच वेगवेगळ्या सीडवर चालवा आणि पाचही मॉडेलं ब्लेंडरमध्ये एकावर एक ठेवा. फोटोत दिसणारी बाजू पाचही ठिकाणी जवळपास सारखी येईल. मागची बाजू मात्र दर वेळी निराळी. समईच्या पाठीमागे कधी मोराची शेपटी, कधी गुळगुळीत पितळ, कधी पुढच्याच नक्षीची नक्कल. जिथे पाचांचं एकमत नाही, तिथे यंत्राला काही माहीत नाही, ते अंदाज करतंय, असं धरून चालायचं. ट्रेलिस तुम्हाला हे स्वतःहून सांगत नाही. अंदाज आणि पुरावा दोन्ही तितक्याच आत्मविश्वासाने, तितक्याच चकचकीत रंगात समोर ठेवतं. या साधनाची सगळ्यात मोठी उणीव आम्ही हीच मानतो, आणि पाच सीडची युक्ती हा तिच्यावरचा आम्हाला ठाऊक असलेला सर्वांत स्वस्त उपाय.

हा अंदाज येतो कुठून, तेही पाहावं. ट्रेलिस सुमारे पाच लाख त्रिमितीय वस्तूंवर शिकलेलं आहे. त्यातला मोठा भाग इंटरनेटवरून गोळा केलेल्या मॉडेलांचा, बाकी फर्निचर, दुकानातला विक्रीचा माल आणि घरांच्या सजावटीचे संच. खुर्ची, कपाट, फुलदाणी यांची पाठ त्याला ठाऊक आहे. जमिनीत पुरलेलं वायन, म्हणजे दगडी उखळ, त्याने क्वचितच पाहिलं असेल. फोटोत नुसतं तोंड दिसतं, म्हणून ते वायनाची सुटी वाटी करून देण्याकडे झुकतं. विळीचं पातं जाड होतं. रोवळी आणि सूप यांची वीण भरून जाते आणि हाती येते एक टोपली, जिच्यावर विणीचं चित्र आहे. काचेच्या हंड्या, मासे पकडायची जाळी, पाळण्याच्या कड्या यांच्या वाटेला जाऊ नये. जातं, पाटा-वरवंटा, रांजण, हंडा, घंगाळ, लाकडी पेटारा हे मात्र झकास येतात. भरीव, जाड, आणि बहुतेक सगळ्या बाजूंनी सारखे. सावंतवाडीची गंजिफा घालून पाहण्याचा मोह होईल. तो आवरा. सपाट वस्तूला यंत्र उगाच फुगवटा देतं. पान सरळ स्कॅनरवर ठेवावं.

पितळेबद्दल एक इशारा. २०२४ ची ही आवृत्ती जीएलबीमध्ये फक्त रंगाचा थर देते, धातूची चमक वेगळी देत नाही. त्यामुळे अल्बमातल्या फोटोत फ्लॅशचा जो पांढरा डाग पडलेला असतो, तो दिव्याच्या अंगावर कायमचा रंगून येतो आणि दिवा फिरवला तरी तो डाग जागचा हलत नाही. रंगाचा थर टाकून द्या, आकार ठेवा आणि ब्लेंडरमध्ये मेटॅलिक १, रफनेस ०.३ च्या आसपास असं पितळ स्वतः लावा.

माप हा दुसरा मोठा प्रश्न. ट्रेलिसमधून निघालेली प्रत्येक वस्तू एकाच आकाराच्या ठोकळ्यात बसवलेली असते. ब्लेंडरमध्ये उघडली की सोन्याची नथ आणि भाताची कणगी दोन्ही सारख्याच मोठ्या. फोटोत मापाचं काहीतरी शोधा: शेजारी पडलेली आगपेटी, वर्तमानपत्र, दाराची कडी, पाटाची रुंदी. पाट अजून घरात असेल तर तो मोजा. मग डायमेन्शनमध्ये खरी उंची भरा आणि स्केल अप्लाय करा. नाहीतर पुढे चार वस्तू एका खोलीत मांडताना सगळं बिघडतं.

एकाच वस्तूचे दोन-तीन फोटो असतील तर ते एकत्र देण्याची सोय आहे. पण मूळ मॉडेल त्यासाठी खास शिकवलेलं नाही, ती नंतर जोडलेली युक्ती आहे. फोटो एकाच दिवसाचे, वस्तू तशीच, प्रकाश सारखा, तर फायदा होतो. १९७० च्या दशकातला एक कृष्णधवल आणि नंतरचा एक रंगीत दिला की दोन्हींची खिचडी होते. अशा वेळी एकच चांगला फोटो निवडून दुसरा ताडून पाहायला ठेवावा.

आता घराकडे. एकाच फोटोवरून घर उभं करायचं असेल तर एआय बाजूला ठेवा आणि एफस्पाय हे लहानसं खुलं साधन उतरवून घ्या. त्यात फोटोवर समांतर कडा आखायच्या: जोत्याची रेघ, पागोळीची रेघ, दाराच्या चौकटी. त्यावरून कॅमेरा कुठे होता आणि भिंग कसं होतं ते निघतं, आणि तोच कॅमेरा ब्लेंडरमध्ये आणून फोटोवर भिंती उभ्या करता येतात. हे फोटोच्या मध्यबिंदूला धरून चालतं, त्यामुळे कडा कापलेला फोटो चुकीचं उत्तर देतो. प्रिंट पांढऱ्या किनारीसकट पूर्ण स्कॅन करा. माप एकच लागतं, पण ते खात्रीचं हवं. घर पडलं तरी जोतं बहुधा राहतं. त्याची लांबी टेपने मोजली की बाकी घर मापात येतं. जोतंही गेलं असेल तर गडग्यात किंवा आवारात पडलेले जांभ्याचे जुने चिरे मोजा आणि फोटोतले थर मोजून भिंतीची उंची काढा. चिऱ्याचं माप खाणीगणिक वेगळं असतं, म्हणून आजच्या बाजारातला चिरा धरू नका. छपरावर मंगलोरी कौलं दिसत असतील तर त्यांच्या ओळीही मोजपट्टीचं काम करतात, आणि काळही सांगतात: बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, म्हणजे ते छप्पर त्यानंतरचं. नळ्यांचं, म्हणजे जुन्या गोल देशी कौलांचं, छप्पर दिसलं तर ते त्याआधीचं असेलच असं नाही. नळे पुढेही खूप वर्षं चालले.

जे उरलं आहे त्याचं मोजमाप फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक फोटो जुळवून, घ्या, एआयने नव्हे. रिॲलिटीस्कॅन किंवा मेशरूम, दोन्ही चालतात; मेशरूमच्या दाट जाळीसाठी एनव्हिडियाचं कार्ड लागतं. जांभा या कामाला देवाने दिल्यासारखा दगड आहे. भोकाभोकांचा, खडबडीत, दर चिरा दुसऱ्यापेक्षा निराळा, त्यामुळे दोन फोटोंतले बिंदू जुळवताना संगणकाला भरपूर खुणा मिळतात. चुना लावलेली भिंत आणि शेणाने सारवलेली जमीन त्याच्या उलट. तिथे खडूने खुणा करता येत नसतील तर भिंतीला टेकून चटई, टोपली, वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. पावसाळ्यात काम करू नका. ओला जांभा चमकतो, शेवाळ रंग बदलतं, रान माजतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गवत कापून झाल्यावर, ढगाळ दिवशी किंवा सकाळी लवकर. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर ७० ते ८० टक्के चढला पाहिजे. गुडघ्याच्या, छातीच्या आणि डोक्यावरच्या उंचीवरून अशा तीन फेऱ्या. एक्सपोजर कुलूप करून ठेवा. मीटरची खुणा केलेली काठी दोन ठिकाणी ठेवा. एकीवरून माप द्या, दुसरीवरून ते तपासा. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्गासारख्या ठिकाणी पाणी फोटोत येणारच. भरती-ओहोटीत पाण्याची रेघ हलते आणि तटाच्या पायथ्याशी गोंधळ होतो, म्हणून पाणी मास्क करून टाका आणि एक बाजू एकाच ओहोटीत संपवा. हे दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. ड्रोन उडवण्याआधी लेखी परवानगी घ्या.

घराचे आतले फोटो शोधताना लोक लग्नाच्या अल्बमकडे धावतात. लग्नात मात्र मांडवाने आणि कापडाने अर्धं घर झाकलेलं असतं. खरा खजिना गणपतीच्या फोटोंत. दर वर्षी तोच कोपरा, तीच भिंत, वर माटवी (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट), बाजूला देवघराचं दार. दहा वर्षांचे दहा फोटो थोड्या थोड्या वेगळ्या जागेवरून घेतलेले असतात, म्हणजे त्या खोलीचं हळूहळू झालेलं सर्वेक्षणच ते. जुनी फोटोग्रामेट्रीची साधनं इतक्या कमी आणि विस्कळीत फोटोंवर बहुधा हात टेकतात. तिथे डस्टर किंवा व्हीजीजीटीसारखी नवी मॉडेलं कामाला येतात. दोन-चार फोटोंवरूनही ती कॅमेऱ्यांच्या जागा आणि खोलीचा ढोबळ आकार सुचवतात. माणसं आणि मूर्ती मास्क करा, भिंत, दार, तुळई एवढंच राहू द्या. डस्टरचा परवाना बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे हे ध्यानात ठेवा.

भिजलेल्या अल्बमबद्दल. काचेला चिकटलेला फोटो सोलू नका, काचेसकट स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय पुरे, पासपोर्ट आकाराच्या प्रिंटला १२०० किंवा जास्त, टिफ फाइलमध्ये. आणि फोटो साफ आणि स्पष्ट करणारं एआय ट्रेलिसच्या आधी मुळीच वापरू नका. ते धूसर जागी स्वतःची नक्षी भरतं, मग ट्रेलिस तिलाच पुरावा मानून त्रिमितीत कोरतं, आणि दोन अंदाज एकावर एक चढल्यावर मूळ काय होतं ते सांगणं अशक्य.

एका फोटोवरून हरवलेलं कोरीवकाम परत आणणं अशक्य आहे असं मात्र नाही. जावातल्या बोरोबुदूरच्या पायथ्याची १६० शिल्पपटलं १८९० च्या सुमारास फोटो काढून दगडांआड पुन्हा झाकली गेली. जपानच्या रित्सुमेइकान विद्यापीठाच्या चमूने त्या जुन्या फोटोंवरून पटलांचा उठाव परत काढला. पण त्यांनी यंत्राला शिकवलं ते त्याच स्मारकावरच्या उघड्या शिल्पांवरून. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे: गेलेल्या घराच्या खांबावरची नक्षी हवी असेल तर त्याच गावातल्या, त्याच काळातल्या उभ्या खांबांची मापं घ्या. शेजारच्या ओटीवरचा खांब पाच लाख परक्या वस्तूंपेक्षा जास्त माहिती देतो.

मॉडेल तयार झालं की रंगवण्याआधी ते राखाडी ठेवूनच घरातल्या जाणत्यांना दाखवा. रंग, सावल्या, पितळेची झळाळी आली की माणूस बघतच राहतो आणि डोळ्यांपुढचं चित्र आठवणीवर चढून बसतं. राखाडी आकार पाहून मात्र आज्या झटकन बोलतात: दिवा एवढा खाली नव्हता, डोकं आपटायचं, घंगाळ न्हाणीत डाव्या हाताला, वायनाच्या बाजूला दगड होता बसायला. हे सगळं तारखेसह लिहून ठेवा. मग ब्लेंडरमध्ये चार कलेक्शन (वस्तूंचे गट) करा: फोटोत दिसलेलं, टेपने मोजलेलं, आठवणीतून किंवा शेजारच्या घरावरून घेतलेलं, आणि यंत्राने भरलेलं. चौथ्याला एकच फिका सपाट रंग द्या आणि तो शेवटपर्यंत काढू नका. वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेसाठी २००९ च्या लंडन सनदेने निर्णयांच्या नोंदी ठेवायला सांगितलं आहे. घरगुती कामात एवढी चार कलेक्शन आणि एक वही ती गरज भागवतात.

देवाच्या वस्तूंना वेगळा नियम. पालखी, तरंग (देवाचे सजवलेले खांब), शिमग्यातली रूपं (देवांचे मुखवटे) यांचं मॉडेल करण्याआधी मानकऱ्यांना आणि गावकऱ्यांना विचारा, आणि चांदीच्या रूपांचं मापांसकट मॉडेल उघड्यावर टाकू नका. खुल्या पानावर चढवलेला फोटो बाहेरच्या सर्व्हरवर जातो, त्यामुळे घरच्यांचे चेहरे आधीच कापा.

खर्चाचं गणित असं. ट्रेलिस स्वतः एमआयटी परवान्यावर फुकट आहे, मात्र त्याला जोडलेल्या काही भागांचे परवाने वेगळे आहेत, व्यवसायासाठी वापरणार असाल तर ते वाचा. आपल्या संगणकावर चालवायला किमान १६ जीबी मेमरीचं एनव्हिडिया कार्ड लागतं आणि लिनक्सवर बसवणं सोपं पडतं. वर्षाला पाच-दहा वस्तू करणाऱ्याने एवढं कार्ड घेऊ नये. खुल्या पानावर रांग लागते, वापराला मर्यादा असते, पण काम होतं. कोकणात वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून मास्क, मोजमाप, वही हे सगळं आधी घरी बसून तयार ठेवा आणि मॉडेल बनल्याबरोबर जीएलबी उतरवून घ्या. पान बंद झालं की ते पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. मूळ स्कॅन, मास्क, सीडचा आकडा आणि जीएलबी एकाच फोल्डरमध्ये, आणि त्याची एक प्रत मुंबईच्या घरी.